लोखंड पोखरणारे अदृश्य जीव : मुंबई हाय ते मराठवाडा

१/
१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूर स्थानकात एक विलक्षण गाडी येऊन थांबली. तिच्यात प्रवासी नव्हते. मिरजेहून आलेल्या तिच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण आटले होते आणि शहराची तहान रेल्वेने भागवावी लागत होती. या बातमीतील एक तपशील मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटला. पाण्यासाठी निवडलेल्या वाघिणी आधी राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत वाफेने धुऊन काढल्या होत्या.

२/
ही गाडी ज्या मार्गाने आली, त्याचाही इतिहास रंजक आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट १९११ मध्ये लातूरला पोहोचली आणि १९२७ मध्ये तिचे दुसरे टोक मिरजेला जाऊन भिडले. शेतमाल बाहेर नेण्यासाठी घातलेल्या त्या वाटेचे पुढे रुंद मार्गात रूपांतर झाले आणि त्याच वाटेने शतकानंतर लातूरला पाणी आले. पण या धाग्याचा विषय रूळ नव्हे. विषय आहे तो वाफेने धुण्याचा.

३/
रिकामी दिसणारी टाकी वा नळ खरोखर रिकामा नसतो. ओल, गाळ, जुन्या द्रवाचा पातळ थर आणि त्या थरात राहणारे जीव मागे उरतात. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत हे जीव माणसाच्या पोटाचे शत्रू ठरतात. तेलाच्या वाहिन्यांत त्यांचेच काही भाऊबंद पोलादाचे शत्रू ठरतात. ते नळ आतून पोखरतात, टाक्यांना भोके पाडतात आणि कधी माणसांचे प्राणही घेतात. त्यांना ओळखायला विज्ञानाला किती काळ लागला आणि त्यांना आवर घालायला तेलउद्योग कसा शिकला, याची ही कथा.

४/
मराठवाड्याला नळांचा इतिहास नवा नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर-ए-अंबरीने पाणी आणले. या परिसरातील नहरींत भाजलेल्या मातीचे नळ आणि चुन्याचे बांधकाम होते. भाजलेली माती गंजत नाही. पण ती मोठा दाब सोसत नाही. एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली, पाणी आणि दिव्यांचा वायू दाबाने दूरवर न्यावा लागला आणि मातीच्या जागी ओतीव लोखंड आले. दाबाचा प्रश्न सुटला, गंजाचा उभा राहिला.

५/
गंजाची शालेय व्याख्या सोपी आहे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. यावरून तर्क असा निघतो की जिथे हवा पोहोचत नाही तिथे लोखंड सुरक्षित राहावे. खोल, ओल्या, चिकट मातीत पुरलेला नळ तर अगदीच निर्धोक असायला हवा. प्रत्यक्षात नेमके उलटे घडत होते. हवा शिरायला जागा नसलेल्या चिखलातच काही नळ सर्वांत लवकर कुजत होते. रसायनशास्त्राच्या हिशेबात काहीतरी राहून गेले होते.

६/
हे कोडे सर्वांत तीव्रपणे जाणवले ते नेदरलँड्समध्ये. समुद्रसपाटीखालचा तो देश म्हणजे ओल्या, निर्वात चिखलाचा प्रदेश. तिथे जमिनीतून काढलेले ओतीव लोखंडाचे काही नळ बाहेरून अखंड दिसत. आकार तोच, जाडी तीच. पण चाकू लावला की ते पेन्सिलीच्या शिशासारखे कापले जात. लोखंड निघून गेले होते आणि ओतीव धातूतील ग्रॅफाइटचा केवळ सांगाडा उरला होता. नळ उभा होता, त्यातला धातू मात्र नाहीसा झाला होता.

७/
गुन्हेगाराची ओळख त्याच देशात आधीच पटलेली होती. डेल्फ्टचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक यांनी १८९५ मध्ये एक विचित्र जिवाणू वेगळा केला. आपण श्वासासाठी प्राणवायू वापरतो, हा जिवाणू सल्फेट वापरतो. त्या व्यवहारात तो हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतो. सडक्या अंड्याचा वास आणि साचलेल्या गटाराचा काळा गाळ ही त्याचीच करणी. प्राणवायूची त्याला गरज नाहीच, उलट प्राणवायू असला की त्याची वाढ खुंटते. या गटाला सल्फेट-क्षपणकारी जिवाणू म्हणतात.

८/
तरीही हा जीव आणि कुजलेला नळ यांची सांगड बसायला आणखी चाळीस वर्षे गेली. १९१० मध्ये अमेरिकेतील गेन्स यांनी जमिनीतील गंजामागे जिवाणू असावेत असे सुचवले. १९३४ मध्ये डच संशोधक फॉन वोल्झोगेन क्यूर आणि व्हान डर फ्लुख्त यांनी त्याची पूर्ण मांडणी केली. ओतीव लोखंडाचे ग्रॅफाइट होणे ही निर्वात जमिनीत घडणारी विद्युत-जैव-रासायनिक प्रक्रिया आहे, असे त्यांनी म्हटले. नळ कुजण्याच्या प्रश्नाला प्रथमच सजीव कारण मिळाले.

९/
त्यांची कल्पना थोडक्यात अशी. ओल्या लोखंडातून अणू विरघळतात आणि इलेक्ट्रॉन मागे सोडतात. ते इलेक्ट्रॉन पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतात. या हायड्रोजनचा पातळ थर धातूवर साचला की व्यवहार मंदावतो, जणू लोखंडाने स्वतःवर पांघरूण ओढून घेतले. जिवाणू नेमका हाच हायड्रोजन खातो. पांघरूण ओढले जाते आणि लोखंड पुन्हा विरघळू लागते. शिवाय तयार झालेले काळे आयर्न सल्फाइड शेजारच्या उघड्या धातूचे विरघळणे आणखी वाढवते.

१०/
शास्त्रात कोणतीही मांडणी अखेरची नसते. हायड्रोजनची ही कथा अपुरी आहे, असे आक्षेप पुढे येत राहिले. २००४ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात धक्कादायक निष्कर्ष मांडला. समुद्रतळाच्या गाळातून त्यांनी असे जिवाणू वेगळे केले, जे हायड्रोजनची वाट न पाहता थेट धातूतूनच इलेक्ट्रॉन उचलत असावेत. म्हणजे ‘लोखंड खाणारा जीव’ हा शब्दप्रयोग निव्वळ अलंकार नव्हता. लोखंड हे काही जीवांसाठी खरोखरच ऊर्जेचे भांडार आहे.

११/
तेलाचा आणि या जिवाणूंचा संबंध कधी लक्षात आला? १९२६ मध्ये. शिकागो विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ एडसन बॅस्टिन यांना एक प्रश्न सतावत होता. खोल तेलविहिरींतील पाण्यात सल्फेट इतके कमी आणि सल्फाइड इतके जास्त का? त्यांनी जिवाणूशास्त्रज्ञ फ्रँक ग्रीअर यांची मदत घेतली आणि त्या पाण्यात सल्फेट-क्षपणकारी जिवाणू सापडले. खडक वाचणारा आणि जीव वाचणारा असे दोघे एकत्र आले, तेव्हा कोडे उलगडले. एरवी त्यांची खाती वेगळी होती आणि उशीर झाला तो बराचसा त्यामुळेच.

१२/
आता महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे येऊ. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने, म्हणजे ओएनजीसीने, जपानमध्ये बांधलेले ‘सागर सम्राट’ हे वेधनजहाज अरबी समुद्रात उभे केले. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले. जागतिक तेलसंकटाने हैराण झालेल्या देशाला हा मोठा दिलासा होता. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. आरंभी तेल जहाजांनी आणले जाई. १९७८ मध्ये समुद्रतळावरून उरणपर्यंत सुमारे २०० किलोमीटरची वाहिनी सुरू झाली.

१३/
नकाशावर ती एक सरळ रेघ दिसते. प्रत्यक्षात ती खारट पाण्याखाली, गाळात पहुडलेली पोलादी नळी आहे. तिच्या आतून जाणारा द्रव म्हणजे शुद्ध तेल नव्हे. त्यात पाणी, वायू, मेण आणि वाळूचे कण असतात. विहिरी वयस्क होत जातात तसे पाण्याचे प्रमाण वाढते. वाहिनी बांधताना डोळ्यांसमोर तेल असते. पुढच्या काही दशकांत तिच्यातून काय वाहणार, हे त्या दिवशी दिसत नाही.

१४/
मुंबई हायमध्ये निर्णायक वळण आले ते १९८४ साली. तेल काढत राहिले की भूगर्भातील दाब घटतो आणि विहिरी थकतात. त्यावर जगभर एकच उपाय केला जातो. खडकात पाणी दाबून भरायचे, म्हणजे ते तेलाला विहिरीकडे ढकलते. समुद्रात उभ्या असलेल्या क्षेत्राला पाण्याची काय कमतरता? मुंबई हायमध्ये समुद्राचेच पाणी उपसून, त्यावर प्रक्रिया करून, वाहिन्यांमधून विहिरींत सोडणे सुरू झाले. तेलाचे क्षेत्र त्यामुळे तगले. पण त्या पाण्याबरोबर इतरही काही आत गेले.

१५/
समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. म्हणजे त्या जिवाणूंच्या दृष्टीने ते वाढलेले ताटच. त्यात अभियंत्यांपुढे पेच असा होता की प्राणवायूसह पाणी आत सोडले, तर नळ साध्या गंजाने खराब होतात. म्हणून पाण्यातील प्राणवायू काढून टाकतात. प्राणवायू गेला की साधा गंज थांबतो. पण ज्यांना प्राणवायू सोसत नाही, अशा जिवाणूंसाठी घर तयार होते. आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात ते हेच.

१६/
हा पेच केवळ तात्त्विक नव्हता. मुंबई हायमधील पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांत जिवाणूजन्य गंज आढळल्याचे ओएनजीसीच्या तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत नोंदले आहे. असा गंज नळभर सारखा पसरत नाही. वाहिनीचा उभा छेद घड्याळासारखा मानला, तर तो बहुधा सहाच्या आकड्यापाशी, म्हणजे तळाशी सापडतो. प्रवाह मंद झाला की गाळ आणि पाणी तिथेच बसते. उरलेली भिंत धडधाकट असते आणि तळाशी मात्र ओळीने खड्डे पडत जातात.

१७/
तिथे एक वसाहत वसते, जिला जैवपटल म्हणतात. काही जिवाणू आधी भिंतीला चिकटतात आणि चिकट द्रव सोडून छत उभारतात. वरच्या मजल्यावरचे जीव उरलासुरला प्राणवायू संपवतात. त्यामुळे तळमजला निर्वात होतो आणि तिथे सल्फेट-क्षपणकारी जिवाणू सुखाने राहतात. वाहत्या पाण्यात ओतलेले औषध या छताखाली सहज पोहोचत नाही. पाण्याची तपासणी निर्दोष येते आणि भिंत मात्र पोखरली जात राहते. दिव्याखाली अंधार असतो, तसा हा प्रकार.

१८/
म्हणून पहिला उपाय औषध नव्हे, झाडू. वाहिनीच्या आतून प्रवाहाच्या दाबाने ढकलत नेल्या जाणाऱ्या साधनाला जगभर ‘पिग’ म्हणतात. त्याला घासण्या किंवा रबरी कडा असतात. तो नळाच्या भिंती खरवडत, साचलेले पाणी आणि गाळ पुढे लोटत दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. त्याच्यासोबत निघणारा काळा चिखल हा निदानाचा पहिला पुरावा असतो. याच जातीतील ‘बुद्धिमान’ पिग भिंतीची जाडी मोजत जातात आणि कुठे खड्डा पडला आहे ते नोंदवतात.

१९/
झाडल्यावर औषध. समुद्राचे पाणी आत घेतानाच त्यात क्लोरीन सोडतात. पुढे ग्लुटाराल्डिहाइडसारखी जंतुनाशके ठराविक दिवसांनी, थोड्या वेळात मोठ्या मात्रेने दिली जातात. तेच औषध वर्षानुवर्षे दिले तर त्याला दाद न देणारे जीव उरतात. म्हणून दोन वेगळ्या जातींची औषधे आलटून पालटून वापरतात. क्रम येथे कळीचा आहे. आधी पिग, मग जंतुनाशक. जैवपटल न खरवडता ओतलेले औषध म्हणजे दार बंद असलेल्या घरावर टाकलेले पाणी.

२०/
शत्रू किती आहे हे कळण्यासाठी तेलक्षेत्रात एक जुनी, साधी पद्धत आहे. जिवाणूंना आवडणारे अन्न आणि लोहाचा अंश असलेल्या बंद बाटल्यांत नमुना टोचतात आणि त्या उबेत ठेवतात. जिवाणू असतील तर सल्फाइड तयार होते, ते लोहाशी संयोग पावते आणि बाटली काळी पडते. अंतिम निकालासाठी २८ दिवस थांबण्याचा प्रघात आहे. आता जनुकीय चाचण्या काही तासांत उत्तर देतात. तरीही ती काळी पडलेली बाटली पाहून जे पटते, ते आकड्यांनी पटतेच असे नाही.

२१/
नळाच्या बाहेरच्या बाजूचे संरक्षण निराळे. त्याची मुळे १८२४ पर्यंत जातात. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजत आणि तांबे वाचे. प्रयोग यशस्वी झाला, पण जहाजे संथ झाली! तांबे विरघळेनासे झाल्यावर त्याचा विषारी प्रभाव संपला आणि पत्र्यांवर शंख-शिंपले व शेवाळे माजले. नौदलाला तो उपाय सोडावा लागला. धातू वाचवला की त्यावर जीव वस्ती करतात, हा धडा दोन शतकांपूर्वीच मिळाला होता.

२२/
१९२८ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे रॉबर्ट कून यांनी हेच तत्त्व जमिनीखालच्या वायुवाहिनीवर वापरले. नळाला बाहेरून वीज पुरवून त्याचे विरघळणे थांबवायचे, ही आजची कॅथोडिक संरक्षण पद्धती. तांबे-मोरचूद विद्युदग्राच्या तुलनेत पोलाद उणे ०.८५ व्होल्टवर ठेवले तर ते सुरक्षित मानले जाते. मात्र जिथे सल्फेट-क्षपणकारी जिवाणू असतात तिथे ही पातळी उणे ०.९५ व्होल्टपर्यंत न्यावी लागते. या ०.१ व्होल्टच्या फरकात बायेरिंक ते फॉन वोल्झोगेन क्यूर हा सारा इतिहास सामावला आहे.

२३/
आणखी एक उपाय काट्याने काटा काढण्याच्या जातीचा आहे. उत्तर समुद्रातील काही तेलक्षेत्रांत पाण्यात नायट्रेट मिसळू लागले. नायट्रेटवर जगणारे जिवाणू त्यामुळे वाढतात, अन्नासाठी सल्फेटवाल्यांशी स्पर्धा करतात आणि त्यांना मागे रेटतात. दुसरीकडे काही ठिकाणी सूक्ष्म पडद्यांमधून पाणी गाळून सल्फेटच काढून टाकतात, म्हणजे ताटच उचलून घेतात. शत्रूला मारण्याऐवजी त्याची उपासमार करणे हा युद्धशास्त्रातील जुना डाव. किल्ल्यांचे वेढे अभ्यासणाऱ्यांना तो नव्याने सांगायला नको.

२४/
इतके उपाय माहीत असूनही अपघात का होतात? १९ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, कार्ल्सबॅडजवळ, पेकोस नदीकाठी एक विस्तारित कुटुंब तंबू ठोकून राहिले होते. पहाटे जवळची ३० इंची वायुवाहिनी फुटली आणि पेटली. बाराच्या बारा जण दगावले, त्यांत लहान मुलेही होती. चौकशीत वाहिनीच्या सखल भागात तळाशी खोल खड्डे आढळले. तिथे पाणी, क्षार आणि सूक्ष्मजीव साचले होते. त्या भागातून पिग जाऊ शकत नव्हता. आतला गंज रोखण्याची, शोधण्याची व्यवस्था अपुरी होती, असा ठपका चौकशी मंडळाने ठेवला.

२५/
मार्च २००६ मध्ये अलास्कातील प्रुधो बे येथे तेलवाहिनीच्या लहानशा छिद्रातून सुमारे ८ लाख लिटर तेल बर्फावर सांडले. कारणांच्या यादीत सूक्ष्मजीवांचा संशय ठळक होता. त्याहून ठळक होती एक तारीख. त्या वाहिनीतून सफाईचा पिग १९९८ नंतर फिरवलाच नव्हता. प्रवाह मंदावला होता आणि तळाशी गाळ बसला होता. त्या आठ वर्षांत कुणाला काही दिसले नाही, कारण पाहण्याची व्यवस्थाच थांबली होती. वाचवलेल्या खर्चाच्या कितीतरी पट किंमत पुढे मोजावी लागली.

२६/
आपल्या किनाऱ्यालाही वाहिनी फुटणे म्हणजे काय, हे ठाऊक आहे. १७ मे १९९३ रोजी मुंबई हाय ते उरण ही मुख्य वाहिनी समुद्रात फुटली आणि हजारो टन तेल पाण्यात गेले. तेलाचे तवंग रायगड किनाऱ्यावर मुरूडपर्यंत पोहोचले आणि खाडीतील खारफुटीला त्याची झळ बसली. त्या घटनेचे खापर जिवाणूंवर फोडण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा वेगळा आहे. पोलादाची भिंत काही मिलिमीटरची असते आणि ती कोणत्याही कारणाने फुटली तरी त्याची किंमत ती न बांधणारा, त्यातून नफा न मिळवणारा मच्छीमारही मोजतो.

२७/
या जोखमीची जाण संस्थांच्या रूपानेही दिसते. ओएनजीसीने १९८३ मध्ये समुद्री अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था उभारली आणि ती पनवेलला आहे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्राच्या पाण्यात धातूंवर चढणारे जैवपटल आणि गंज यांचा अभ्यास झाला. शिकागोत १९२६ साली भूशास्त्रज्ञ आणि जिवाणूशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले, तशीच बैठक अरबी समुद्राच्या काठी पुन्हा मांडली गेली. धातुतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ यांपैकी एकाच्या बळावर हा प्रश्न सुटत नाही.

२८/
समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नांदेड-लातूरला याचे काय? मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांतून निघालेले इंधन वाहिन्यांनी मनमाडजवळच्या पानेवाडीला आणि सोलापूरजवळच्या पाकणीला पोहोचते. अशा आगारांतून टँकर भरून ते गावोगावच्या पंपांवर जाते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत डिझेल वर तरंगते आणि थेंबाथेंबाने आलेले पाणी तळाशी बसते. तेल आणि पाणी जिथे टेकतात, ती रेषाच सूक्ष्मजीवांचे आवडते गाव. अन्न वरून मिळते, ओलावा खालून.

२९/
विमानोद्योगाला हे १९५० व १९६० च्या दशकांत महागात पडले. जेट विमानांच्या टाक्यांत रॉकेलवर वाढणारी बुरशी सापडली. तिच्या जाळ्यांनी गाळण्या तुंबल्या, आम्लांनी टाक्यांचा धातू पोखरला. निष्कर्ष साधा निघाला. इंधनातील पाणी काढले की जीव उरत नाहीत. पंपावर डिप रॉडच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावून कर्मचारी तो टाकीत सोडतो आणि पेस्टचा रंग बदलला का ते पाहतो, तेव्हा हाच सारा इतिहास त्याच्या हातात असतो.

३०/
पाण्याच्या नळांनाही हा नियम लागू आहे. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि तिच्यातली हवा कोंडली जाते. उन्हाळ्यात तीच भेगाळते आणि पुरलेल्या नळाला ओढाताण सोसावी लागते. डच चिखल आणि गोदा-मांजरा खोऱ्यातील रेगूर यांचे मूळ वेगळे, पण ओल्या चिकणमातीत हवा न शिरणे हा गुण दोन्हीकडे समान. म्हणून पोलादी वा ओतीव नळ पुरण्याआधी मातीची परीक्षा, बाहेरचे लेपन आणि विजेचे संरक्षण या चैनीच्या गोष्टी नव्हेत.

३१/
दुष्काळ आणखी एक अडचण निर्माण करतो. धरण आटले की नळ कित्येक दिवस कोरडे किंवा अर्धवट भरलेले राहतात. नव्या वाहिनीची दाबचाचणी पाण्याने घेऊन ते पाणी आतच सोडून देणे, ही तेलउद्योगाला भोवलेली जुनी चूक आहे. साचलेले पाणी काही महिन्यांत जिवाणूंची पेठ बनते. चाचणी संपताच पाणी काढणे, नळ वाळवणे आणि वाहिनी लांबणीवर पडणार असेल तर पाण्यात आधीच जंतुनाशक घालणे, हा धडा तेलवाल्यांनी महागात घेतला. पाणीवाल्यांना तो फुकट उपलब्ध आहे.

३२/
या साऱ्या कथेत शोध फार थोडे आणि सवयी फार आहेत. १८९५ मध्ये जीव कळला, १९३४ मध्ये त्याची करणी कळली, पुढे झाडू, औषध, वीज, चाचणी, सारे हाती आले. त्यानंतर कार्ल्सबॅड आणि प्रुधो बे येथे जे घडले, ते अज्ञानामुळे नव्हे, तर माहीत असलेले काम न केल्यामुळे. इतिहासाच्या पुस्तकांत धरणाच्या उद्घाटनाची आणि पहिल्या तेलाची तारीख मोठ्या अक्षरांत छापली जाते. पिग कधी फिरवला, बाटली कधी काळी पडली, याची नोंद एखाद्या कार्यालयातील वहीत राहते.

३३/
त्या वह्याही इतिहासाची साधनेच आहेत. किल्ल्याचा बुरूज कोणी बांधला हे आपण शोधतो, तसेच त्याची डागडुजी कोणी आणि किती वर्षे केली हेही शोधायला हवे. वास्तू उभारणाऱ्यांची नावे शिलालेखांवर राहतात, टिकवणाऱ्यांची राहत नाहीत. नळ, टाक्या, वाहिन्या ही आपल्या काळाची बांधकामे आहेत आणि त्यांचे आयुष्य किती, हे पोलादाच्या दर्ज्याइतकेच त्यांना वेळच्या वेळी आतून झाडणाऱ्या हातांवर अवलंबून आहे.